पात्रता घराची, धान्य माणशी: एका रेशन कार्डावरच्या नऊ जणांचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. ग्रामीण भागातलं नऊ जणांचं घर. आई-वडील, थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची तीन मुलं, धाकटा मुलगा आणि त्याची बायको. सगळ्यांची नावं एकाच केशरी कार्डावर, आणि कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’चा शिक्का. थोरला नवरा-बायको मजुरीला जातात. धाकट्याला एमआयडीसीत महिना १४ हजारांची नोकरी लागली आणि तपासणीत कार्ड अपात्र ठरवण्याची नोटीस आली. धाकट्याची चूल दोन वर्षांपासून वेगळी आहे, त्याचा पगार थोरल्याच्या घरात येत नाही. दुकानदार म्हणतो, एका घरात दोन कार्डं होत नाहीत. मग सात जणांचं धान्य एकाच्या पगारामुळे बंद व्हावं, हा न्याय म्हणायचा का? आणि रस्ता काय?

आधी नोटिशीचं उत्तर. ती चुकीची नाही. धाकट्याचा पगारच वर्षाला १ लाख ६८ हजार होतो. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी २०१३ मध्ये ठरलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये, तीही कार्डावरच्या सगळ्यांची मिळून. त्यामुळे कार्ड जसं आहे तसं ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. तुमची बाजू खरी आहे ती दुसऱ्या मुद्द्यावर: ही दोन घरं आहेत. ते सिद्ध करायचं आणि कार्ड फोडायचं. पण फोडताना कोणी बाहेर पडायचं आणि कोणी जुन्या कार्डावर राहायचं, हे बहुतेक जण उलटं करतात आणि पस्तावतात. त्याकडे येतो. त्याआधी नियम नेमका कुठे वाकडा आहे ते पाहू, कारण अर्ज आणि अपील त्याच मुद्द्यांवर उभे राहतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून झाली. कलम ३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य, आणि अंत्योदय (गरिबातल्या गरीब) कुटुंबाला, मग त्यात कितीही माणसं असोत, ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आता गंमत बघा. प्राधान्य कुटुंबात धान्य माणशी मोजलं जातं, पण पात्रता ठरते ती अख्ख्या घराच्या उत्पन्नावर, आणि त्या उत्पन्नाला माणसांच्या संख्येने भागलं जात नाही. दोघांचं घर असो की नऊ जणांचं, मर्यादा तीच ४४ हजार.

आकड्यांत मांडलं की हे लख्ख दिसतं. एका घरात नवरा-बायको दोघंच, उत्पन्न ४३ हजार. माणशी २१,५००. ते पात्र. दुसऱ्या घरात नऊ जण, उत्पन्न १ लाख. माणशी जेमतेम ११ हजार. ते अपात्र. म्हणजे माणशी जवळजवळ निम्म्या पैशांत जगणारे बाहेर आणि त्यांच्याहून बरे असलेले आत. तक्रार बहुतेक वेळा ‘मर्यादा फार कमी आहे’ अशी होते. ती खरीच आहे, पण मर्यादा दुप्पट केली तरी हा दोष तसाच राहतो. एकत्र राहणाऱ्या मोठ्या घराला नियमच दंड लावतो.

अंत्योदयात हेच गणित उलटं फिरतं. एकट्या निराधार म्हाताऱ्या बाईला ३५ किलो, पाच जणांच्या घरात माणशी ७ किलो, सात जणांत बरोबर ५, आणि नऊ जणांच्या अंत्योदय घरात माणशी ३.९ किलो. म्हणजे आठवं माणूस आलं की ‘गरिबातला गरीब’ म्हणून निवडलेलं घर साध्या प्राधान्य कुटुंबापेक्षा कमी धान्य घेतं. म्हणून आठ-नऊ जणांच्या अंत्योदय कार्डधारकांनी पिवळ्या कार्डाचं अप्रूप बाजूला ठेवून एकदा हा हिशेब करावा. मात्र अंत्योदय सोडण्याची घाई नको. राज्यात अंत्योदय कार्डांची संख्या सुमारे २५ लाखांवर बांधलेली आहे. एकदा सुटलेलं अंत्योदय परत मिळणं फार अवघड.

दुसरा दोष कड्याचा. मर्यादेच्या अलीकडे पूर्ण धान्य, एक रुपया पलीकडे शून्य. या धान्याची किंमत सरकारच्या हिशेबाने किती? छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातले जिल्हे आणि वर्धा मिळून १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी रोख रक्कम दिली जाते. ती २०२३ मध्ये माणशी १५० रुपये होती, २०२४ च्या जूनपासून १७०. तोच दर धरला तर नऊ जणांच्या कार्डाचं धान्य महिन्याला १,५३० आणि वर्षाला १८,३६० रुपयांचं. ४४ हजारांच्या मर्यादेजवळ असलेल्या घराने वर्षाला हजार रुपये जास्त कमावले तर तोटा अठरा हजारांचा. अशा ठिकाणी माणूस उत्पन्न लपवणार, यात नवल काय?

आणि मर्यादा स्वतः किती खरी आहे? रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. १४१ दिवसांची मजुरी ४३,९९२ होते. घरातल्या एकाच माणसाने वर्षातले १४२ दिवस काम केलं की ते घर कायद्याने अपात्र. शहरातली ५९ हजारांची मर्यादा म्हणजे महिन्याला ४,९१७ रुपये. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई हा आकडा एकटी ओलांडते. परिणाम असा की तालुक्यातले बहुतेक उत्पन्नाचे दाखले ४० हजारांच्या आसपास येऊन थांबतात, आणि अर्जदार, तलाठी, तहसील कार्यालय या तिघांनाही ते ठाऊक असतं. प्रामाणिक माणूस बाहेर राहतो. जो आत असतो त्याच्या डोक्यावर कायम टांगती तलवार, कारण तपासणी कधी आणि कोणाची करायची हे दुसऱ्याच्या हातात. माझ्या मते या नियमातला सगळ्यात घातक भाग हाच.

उत्पन्नाच्या मर्यादेवर आणखी लाभार्थींच्या संख्येचीही मर्यादा आहे. कलम ९ प्रमाणे राज्यात किती लोकांना लाभ द्यायचा हे केंद्र ठरवतं. महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लाभार्थी मंजूर आहेत, ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरीच्या ४५.३४ टक्के. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर आणि पुढचे आकडे जाहीर होईपर्यंत तेच चालणार. हा कोटा जिल्हा आणि तालुक्याला वाटलेला असतो. कार्यालयात त्याला ‘इष्टांक’ म्हणतात, आणि हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण नवीन अर्जाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे असतं. तुम्ही पात्र असणं आणि तुम्हाला धान्य सुरू होणं यांच्यामध्ये इष्टांक उभा असतो.

आता कळीचा मुद्दा: घर म्हणजे काय? अन्न सुरक्षा कायद्यात पात्र कुटुंबाची व्याख्या आहे, पण ती फक्त इतकंच सांगते की प्राधान्य आणि अंत्योदय म्हणजे पात्र. एका छताखाली राहणारे म्हणजे कुटुंब, की एका चुलीवर जेवणारे, की एका सातबाऱ्यावरचे, हे कायदा सांगत नाही. कुटुंबं निवडण्याचं काम कलम १० ने राज्याकडे दिलं आहे. जनगणनेत मात्र एकत्र राहून एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या आहे, आणि गावात ‘चूल वेगळी झाली’ याचा अर्थ सगळ्यांना कळतो. राज्य सरकारच्या अपात्र शिधापत्रिका शोध मोहिमेच्या सूचनांत एकाच कुटुंबाला एकाच पत्त्यावर दोन कार्डं देऊ नयेत असं म्हटलं आहे. पण त्याच सूचनांत पुढे असंही आहे की अपवादात्मक परिस्थितीत तहसीलदाराने किंवा शिधावाटप अधिकाऱ्याने स्वतः खातरजमा करून विभक्त कार्ड द्यावं. दुकानदार पहिलं वाक्य सांगतो, दुसरं सांगत नाही. शिवाय दुकानदाराला पात्रता ठरवण्याचा अधिकारच नाही. तो अधिकार ग्रामीण भागात तहसीलदाराचा, मुंबई-ठाण्याच्या शिधावाटप क्षेत्रात शिधावाटप अधिकाऱ्याचा.

दुसरीकडे काय करतात तेही थोडं सांगतो, म्हणजे यापेक्षा वेगळं काही होऊच शकत नाही असा समज होणार नाही. छत्तीसगडमध्ये प्राधान्य कार्डावर एका माणसाला १० किलो, दोघांना २०, तीन ते पाच जणांना ३५, आणि पाचांहून जास्त असतील तर माणशी ७ किलो असे टप्पे केले. लहान घराला थोडं झुकतं माप, मोठ्या घराला माणशी हिशेब. अमेरिकेतल्या ‘स्नॅप’ या अन्नमदत योजनेत एकत्र खरेदी करून एकत्र स्वयंपाक करणारे ते एक घर, म्हणजे आपली चूलच. पण नवरा-बायको, आणि आई-वडिलांबरोबर राहणारी २२ वर्षांखालची मुलं, यांना चूल वेगळी दाखवली तरी एकच घर धरतात, म्हणजे कागदोपत्री विभागणीला आळा. त्याच वेळी उत्पन्नमर्यादा माणसांच्या संख्येप्रमाणे वाढते, आणि निव्वळ उत्पन्न वाढलं की मदत डॉलरमागे सुमारे ३० सेंटने उतरते, एकदम तुटत नाही. घराच्या व्याख्येत कडक आणि मर्यादेत लवचीक असा तो मेळ आहे. आपल्याकडे दोन्ही उलट: व्याख्या मोघम, मर्यादा दगडासारखी.

पुन्हा तुमच्या कार्डाकडे. नऊ जणांतून कोण बाहेर पडणार? स्वाभाविक विचार असा असतो की आई-वडील आणि धाकटा जुन्या घरात, म्हणून जुनं कार्ड त्यांच्याकडे, आणि गरीब थोरला नवीन कार्ड काढेल. असं अजिबात करू नका. बाहेर पडायचं ते कमावत्या जोडप्याने. जुन्या १२ अंकी क्रमांकावर प्राधान्य कुटुंबाची नोंद आहे, तिला इष्टांकातली जागा आधीच मिळालेली आहे. थोरला नवीन कार्ड काढायला गेला तर त्याचा अर्ज इष्टांकाच्या रांगेत लागेल, कदाचित धान्य नसलेलं केशरी कार्ड हातात पडेल, आणि पाच जणांचं धान्य जागा रिकामी होईपर्यंत बंद. धाकट्याला मात्र धान्य मिळणारच नाहीये, त्यामुळे त्याला रांगेची फिकीर नाही. त्याचं उत्पन्न १ लाखाच्या वर असल्याने त्याचं कार्ड पांढरं होईल. इथे घरात कुरबूर होते, कारण लाडकी बहीणसारख्या योजनेत पिवळं-केशरी कार्ड दाखवलं की उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, आणि ती सोय पांढऱ्यावर जाते. ही गोष्ट धाकट्याला आधी समजावून सांगा, सही घेताना नव्हे.

आई-वडील कोणाकडे? ज्याच्या चुलीवर जेवतात त्याच्याकडे, दुसरं काही नाही. ते खरोखर थोरल्याकडे असतील तर आईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून जुन्या कार्डावर तसंच राहू द्या. कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री हीच कार्डाची प्रमुख असते. बऱ्याच जुन्या कार्डांवर अजून वडिलांचं नाव प्रमुख म्हणून आहे. अशा कार्डावर बदल करताना कार्यालय आधी प्रमुख बदला म्हणतं आणि एक फेरी वाढते. तो अर्ज सोबतच द्या.

कामाचा क्रम असा ठेवा. रेशनच्या संकेतस्थळावर १२ अंकी क्रमांक टाकून आपल्या कार्डाची आजची नोंद काढा: योजना कोणती, सदस्य किती, कोणाची ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली, कोणाची राहिली. छापील कार्डावर नऊ नावं आणि ऑनलाइन सात, असं सर्रास असतं. धान्य ऑनलाइन नोंदीप्रमाणेच मिळतं. मग धाकट्या जोडप्याचं नाव कमी करण्याचा अर्ज (नमुना ९) आणि त्यांच्या नव्या कार्डाचा अर्ज (नमुना १) एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्या. नाव आधी कमी करून घेतलं आणि नवा अर्ज महिन्याने दिला तर मधल्या काळात ती माणसं कोणत्याच कार्डावर नसतात. धान्याचा प्रश्न नसला तरी दाखल्यांसाठी अडचण होते. आणि हेच जर धान्य मिळणाऱ्या सदस्याबाबत केलं तर बुडालेल्या महिन्यांचं धान्य मागे जाऊन कोणी देत नाही. नाव वाढवण्याचा अर्ज नमुना ८ वर असतो. ग्रामपंचायतीत घराचा उतारा मिळतो त्यालाही नमुना ८ म्हणतात, त्यामुळे ‘नमुना आठ आणा’ म्हटलं की कोणता ते विचारून घ्या.

चूल वेगळी असल्याचा पुरावा कोणता? कायद्यात यादी नाही, त्यामुळे जितका भक्कम देता येईल तितका द्या. वेगळं गॅस कनेक्शन सगळ्यात उपयोगी. नंतर वेगळं वीजबिल, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घराची वेगळी नोंद, धाकटा भाड्याने राहत असेल तर भाडेकरार. यांतलं काहीच नसेल, आणि एकाच घराच्या दोन खोल्यांत दोन चुली असतील, तर स्वयंघोषणापत्र द्या आणि स्थळपाहणी करून पंचनामा करावा अशी अर्जातच लेखी विनंती करा. पंचनाम्यात ‘स्वयंपाक स्वतंत्र, खर्च स्वतंत्र’ हे शब्द आले पाहिजेत. ‘विभक्त राहतात’ एवढंच लिहिलं तर पुढच्या तपासणीत पत्ता एक दिसला की पुन्हा तोच घोळ.

उत्पन्नाचा भाग नीट सांभाळा. जुन्या कार्डावर राहणाऱ्या सात जणांचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत आहे का? थोरला आणि त्याची बायको दोघंही वर्षभर मजुरीला जात असतील तर वरचं गणित त्यांनाही लागू पडतं. दाखला तहसील कार्यालयाकडून येतो, त्यात जे खरं आहे ते यावं. मजुरीचे दिवस हंगामी असतात. पेरणी, खुरपणी, काढणीचे महिने आणि रिकामे महिने वेगळे दाखवून वर्षाचा हिशेब लिहून द्या, कारण तोंडी विचारलं की ‘दिवसाला किती मिळतात’ आणि त्याला थेट ३०० दिवसांनी गुणलं जातं. तीनशे रुपयांचे लगेच ९० हजार होतात. पगार असलेल्याचा मात्र हातात येणारा आकडा न धरता कपातीपूर्वीचा पगार धरला जाईल हे गृहीत धरा. चांगल्या सोयाबीनच्या एका वर्षाने कुटुंब श्रीमंत होत नाही, म्हणून शेती असेल तर तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागा.

उत्पन्नाशिवायच्या अटी लोक विसरतात. केशरी कार्डासाठी १९९९ च्या तिरंगी कार्ड योजनेपासूनची अट अशी की घरात कोणाकडे चारचाकी यांत्रिक वाहन नसावं, टॅक्सीचालक वगळून, आणि सगळ्यांची मिळून बागायती जमीन ४ हेक्टर किंवा अधिक नसावी. चाळीस हजारांची जुनी गाडी धाकट्याच्या नावावर असेल तर एकत्र कार्डावर ती नऊही जणांना बाद करते. लाख-लाखाच्या दोन मोटारसायकली मात्र चालतात. कार्ड फोडताना असं वाहन कोणाच्या नावावर आहे ते बघूनच कोण कुठे जाणार ते ठरवा. पिवळ्या कार्डाच्या अटी याहून कडक आहेत. तिथे आयकर भरणारा, व्यवसायकर भरणारा, डॉक्टर, वकील असा एक जरी सदस्य असला तरी कार्ड जातं.

एक स्पष्ट सांगायला हवं. चूल एकच असताना केवळ धान्यासाठी कागदावर दोन घरं करणं ही खोटी घोषणा आहे. कार्ड रद्द होतं, कारवाई होऊ शकते, आणि इष्टांक बांधलेला असल्याने आपण अडवलेली जागा त्याच तालुक्यातल्या कोणाची तरी असते. नियम वाकडा असला तरी त्याची किंमत सरकार भरत नाही, रांगेतली शेजारीण भरते. पण चूल खरोखर वेगळी असेल तर संकोच नको, ही पळवाट नव्हे.

या नियमात सगळ्यात जास्त होरपळतात त्या सासरी राहणाऱ्या विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका. त्यांचं नाव सासरच्या कार्डावर, ते धान्य सासर उचलतं, आणि नाव कमी करायला कुटुंबप्रमुखाची सही हवी म्हणून कार्यालय परत पाठवतं. अन्न सुरक्षा कायद्यात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची किंवा सासरच्या संमतीची अट नाही. अशा बाईने स्वतःच्या सहीने, स्वतःच्या आधारवर, राहत्या जागेच्या स्वयंघोषणेसह अर्ज द्यावा आणि जुन्या कार्डाचा क्रमांक लिहून ‘माझं व मुलांचं नाव वरील कार्डातून कमी करावं’ अशी मागणी त्यातच करावी. इथे वर सांगितलेला क्रम उलटा होतो, कारण ती बाहेर पडते आणि प्राधान्याची नोंद सासरी राहते. म्हणून निराधार एकल स्त्री ही अंत्योदयाच्या निकषांत बसते हे अर्जात स्पष्ट लिहावं, म्हणजे अंत्योदयातली जागा रिकामी झाली की तिचा विचार करणं भाग पडतं. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना ओळख आणि पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता कार्ड द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. त्यामुळे पुराव्याअभावी कार्ड देताच येत नाही हा युक्तिवाद टिकत नाही.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या घरांनी फक्त स्थलांतरासाठी कार्ड फोडू नये. सहा महिने तोडीवर गेलेलं जोडपं आणि गावी राहिलेले म्हातारे-मुलं एकाच कार्डावर राहून आपापल्या वाट्याचं धान्य दोन ठिकाणी उचलू शकतात. राज्यात कुठेही, आणि ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे कर्नाटक-गुजरातेतही. अडचण एकच: एकाने पूर्ण कार्डाचं धान्य उचललं की दुसऱ्याला त्या महिन्यात काही उरत नाही. दुकानात ‘अर्धंच द्या’ हे अंगठा लावण्याआधी सांगायचं, ई-पॉसवर (दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रावर) पावती निघाली की मागे फिरता येत नाही.

ई-केवायसी राहिली तर वरची सगळी मेहनत वाया. ती प्रत्येक सदस्याची लागते. मजुरी करणाऱ्यांचे आणि म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत. तिथे डोळ्यांच्या स्कॅनरची मागणी करा किंवा ‘मेरा ई-केवायसी’ अॅपवरून चेहऱ्याने करा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने रेशन वितरणाचा नियंत्रण आदेश बदलला. त्याप्रमाणे ई-केवायसी दर पाच वर्षांनी, आणि सलग सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद करून तीन महिन्यांत पडताळणी. म्हणून कार्ड फोडण्याच्या धावपळीत जुन्या कार्डावरचं धान्य उचलणं थांबवू नका. नवीन सुनेचं नाव चढत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: तिचं आधार अजून माहेरच्या कार्डाला जोडलेलं आहे. माहेरहून नाव कमी केल्याचा दाखला आधी आणावा लागतो.

नोटिशीला उत्तर मुदतीत द्याच. शोध मोहिमेत ही मुदत साधारण १५ दिवसांची असते. उत्तरात उत्पन्न नाकारू नका. धाकटा सदस्य विभक्त आहे, त्याचं नाव कमी करण्याचा अर्ज अमुक तारखेला दिला आहे, पोच जोडली आहे, आणि उरलेल्या सात सदस्यांची पात्रता त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नावर तपासावी, एवढं लिहा. अर्जाची पोच हातात नसेल तर या उत्तराला वजन नाही. ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा, आणि माहिती अधिकारात तालुक्याचा मंजूर इष्टांक, आजची लाभार्थी संख्या आणि गेल्या सहा महिन्यांत कमी झालेली नावं विचारा. मृत्यू, लग्न, स्थलांतर यांमुळे दर महिन्याला जागा रिकाम्या होत असतात.

तहसीलदाराने सातही जणांना बाद केलं तर कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार, त्याच्या आदेशाने समाधान न झाल्यास राज्य अन्न आयोगाकडे अपील. निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा योग्य कारणाशिवाय न देणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग कलम ३३ खाली ५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. त्यामुळे तक्रारीत ‘अन्याय झाला’ एवढं न लिहिता नेमका दिलासा मागा: अमुक क्रमांकाच्या कार्डावर अमुक सात सदस्यांची प्राधान्य नोंद अमुक महिन्यापासून पूर्ववत करावी. प्राथमिक तक्रार १९६७ या क्रमांकावरही नोंदवता येते, पण तिचा क्रमांक लिहून ठेवा, कारण पुढच्या पायरीवर आधी कुठे दाद मागितली हे विचारलं जातं. तक्रारीसोबत जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, ऑनलाइन नोंदीची तारखेसह छापील प्रत, पंचनाम्याची नक्कल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या ई-पॉस पावत्या लावा. पावत्यांवर कार्डाची योजना आणि दिलेलं धान्य छापलेलं असतं, आणि नोंद बदलली गेली असेल तर ती नेमकी कोणत्या महिन्यापासून बदलली ते त्यांवरून कळतं.